सगळ्यांच्या पेट्या सारख्याच

पत्र :

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. यंदा माझ्याकडे आणखी एक विषय आला: डिझाइन, तंत्रज्ञान आणि स्वयंपाक. तिन्ही एकत्र. वर्गात अठ्ठावीस मुलं, वयं बारा ते चौदा. आठवड्याला एक जोड तास मिळतो, त्यातला निम्मा वेळ सामान वाटण्यात आणि आवरण्यात जातो. पहिल्या सत्रात सगळ्यांनी पेन ठेवायची लाकडी पेटी केली. मांडून ठेवल्या तेव्हा लक्षात आलं की सगळ्या एकसारख्या आहेत, कुणाची कुठली ते मुलांनाही सांगता येईना. स्वयंपाकाच्या तासाला चौघांच्या गटात दोघं करतात, दोघं बघतात आणि भांडी घासायला नेमक्या मुली उरतात. मार्क कशाला द्यायचे हेही कळत नाही, कारण जे घरी करतात त्यांचंच चांगलं होतं. कुणाला कापलं-भाजलं तर, ही धास्ती वेगळीच. सहकारी शिक्षक येता-जाता विचारतात, ‘‘आज काय खायला?’’ तीन विषय एका तासात कसे बसवू?
– एक शिक्षिका

उत्तर :

ताई, नमस्कार.

पेट्यांपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची नोंद तीच आहे. पेट्या सारख्या झाल्या, कारण त्यातलं ठरवण्यासारखं सगळं तुम्ही आधीच ठरवून टाकलं होतं. लाकूड कुठलं, पेटी केवढी, सांधा कसला, कशात काय ठेवायचं, सगळं. मुलांच्या वाट्याला करवत आणि पॉलिशपेपर तेवढा आला. मेहनत मुलांची होती, पेटी मात्र तुमची होती. अठ्ठावीस वेळा.

यात वाईट वाटून घेऊ नका, हे भांडण फार जुनं आहे. १८६६मध्ये फिनलंडच्या शाळांत हस्तकाम रीतसर विषय म्हणून आलं, त्यामागे उनो सिग्नेयस होते. पुढे स्वीडनमध्ये नेस इथे ओटो सालोमोन यांनी शिक्षकांना याचंच प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांच्याकडे वस्तूंची ठरलेली माळ होती: आधी सोपी, मग जरा अवघड, मग त्याहून अवघड. प्रत्येक मुलाने त्याच वस्तू त्याच क्रमाने करायच्या. हात तयार व्हायला ही पद्धत उत्तम. पण मूल स्वतः काय ठरवतं, हा प्रश्न तिच्यात मागे राहतो. इंग्लंडमध्ये १९९०ला डिझाइन आणि तंत्रज्ञान हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला तेव्हा भर दुसऱ्या टोकाला गेला: गरज ओळखा, कल्पना काढा, करा, तपासा. तिथे वेगळंच दुखणं निघालं. मुलं वस्तू आधी करतात आणि ‘सुरुवातीच्या कल्पना’ म्हणून सुबक स्केचेस मागाहून काढून फाइलला लावतात. अशा फाइली तुम्हीही तपासल्या असतील. (मला तर त्यांच्यापेक्षा सारख्या पेट्या परवडल्या. निदान करवत तरी धरली जाते.) २०१४पासून तिथे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना स्वयंपाक आणि पोषण याच विषयात शिकवतात, म्हणजे तुमच्याकडे आलेली ही तिहेरी मोट जगात एकट्या तुमच्याच गळ्यात पडलेली नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. तीन विषय एका तासात बसवू नका. स्वयंपाकघराला वर्कशॉपचं गिऱ्हाईक करा. आणि केलेली प्रत्येक गोष्ट मुलांना दुसऱ्यांदा करू द्या. माझं सांगणं मुख्यतः एवढंच आहे. बाकीचं याच्यामागे आपोआप येतं.

गिऱ्हाईक म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते. पहिल्या स्वयंपाकाच्या तासाला मुलांना पाककृतीचा छापील कागद द्या आणि तो कुठे ठेवायचा ते मुळीच सांगू नका. अर्ध्या तासात तो कागद ओला होईल, पिठाने माखेल, खाली पडेल, भांड्याखाली जाईल. कुणीतरी चिकट हाताने तो उचलेल आणि नेमकी प्रमाणाची ओळ पुसली जाईल. तास संपताना विचारा, काय अडलं? पुढच्या आठवड्याचं वर्कशॉपचं काम तिथेच मिळतं: ओट्यावर कागद उभा धरणारा स्टँड. तो हात न लावता वाचता यायला हवा, कोपर लागलं तरी पडता कामा नये, ओल्या फडक्याने पुसता यायला हवा आणि ओट्यावरची जागा खाऊ नये. या चार अटी फळ्यावर तुम्ही लिहून देऊ नका. अडचण त्यांनी सोसली आहे, तीन तरी अटी तेच सांगतील. चौथी राहिली तर राहू द्या, पहिल्या चाचणीत निघेल.

आता प्लायवूडला हात लावायचा नाही. आधी पुठ्ठा. वीस मिनिटांत पुठ्ठ्याचा स्टँड, मग त्यावर कागद लावायचा आणि बोटाने हळूच टिचकी मारायची. निम्मे स्टँड आडवे होतील. इथे जवळ उभ्या राहा, कारण खरं शिकणं या पाच मिनिटांत होतं. एखाद्या मुलीचा स्टँड पडत नाही पण मधेच वाकतो. तिला तो पुठ्ठा कडेने बघायला सांगा. आत नागमोडी थर दिसतो, त्याच्या नळ्या आडव्या धावताहेत. म्हणजे पुठ्ठा नेमका नळीच्या रेषेवर दुमडतोय. तोच तुकडा नव्वद अंशांत फिरवून, नळ्या उभ्या करून कापला की तो ताठ उभा राहतो. कुणाचा स्टँड मागे कलंडतो, कारण पाठ फार तिरकी आणि पाय फार आखूड. गुरुत्वमध्य पायाच्या बाहेर गेला की वस्तू पडते हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकवलेलं असेलच. इथे ते हाताला कळतं.

मग दुसरी खेप, प्लायवूडमध्ये. आता प्रत्येकाचा कोन वेगळा, पाय वेगळा, आणि का वेगळा हे त्याला सांगता येतं. प्लायवूडचे थर एकाआड एक आडव्या-उभ्या रेषांचे असतात, म्हणून ते दोन्ही दिशांना ताकद धरतं. पुठ्ठ्याच्या नळ्या पाहिलेल्या मुलाला हे समजवावं लागत नाही. शाळेत लेझर कटर असेल तर एक खाच आधी कापून बघायला लावा. तीन मिलिमीटर म्हणून आणलेलं प्लाय नेमकं तीन मिलिमीटर क्वचितच भरतं, शिवाय लेझर स्वतःच्या वाटेतलं एक-दोन दशांश मिलिमीटर लाकूड जाळून टाकतो. खाच ढिली झाली की मुलं मशीनला दोष देतात. मशीनला द्यायचा की मोजमापाला, यावर वर्गात वाद होऊ द्या, थांबवू नका.

स्वयंपाकात तर दुसरी खेप आणखी स्वस्त आणि झटपट. म्हणूनच खरं तर या विषयात त्याचं स्थान आहे. लाकडाचा तुकडा चुकला की गेला, बटाटा चुकला तर दहा मिनिटांत दुसरा. पण पाककृती निवडताना घड्याळ बघा. यीस्टचा पाव जोड तासात बसत नाही, पीठ फुगायलाच तासाभराहून जास्त जातो. तो करायचाच असेल तर एका दिवशी मळून फ्रिजमध्ये आणि भाजणं दुसऱ्या दिवशी, हे शाळेशी आधी ठरवावं लागेल.

मी तुमच्या जागी असते तर उकडलेल्या बटाट्यापासून सुरू केलं असतं. फार साधं वाटतं, पण पाहा. एका गटाने एक सेंटिमीटरचे तुकडे करायचे, दुसऱ्याने दोनचे, तिसऱ्याने तीनचे. उकळत्या पाण्यात एकाच वेळी सोडायचे. दर दोन मिनिटांनी एक तुकडा बाहेर काढून त्यात काटा खुपसायचा. दोन सेंटिमीटरच्या तुकड्यात काटा कडेला लोण्यासारखा जातो आणि मध्यावर अडतो. तो अडण्याचा बारीक कर्रर्र आवाज मुलांना ऐकू येतो. मग विचारा, तुकडा दुप्पट केला तर वेळही दुप्पट लागेल का? वर्ग एकमुखाने ‘हो’ म्हणेल. प्रत्यक्षात आतपर्यंत उष्णता पोहोचायला लागणारा वेळ साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट जाडीला चौपटीच्या आसपास. आकडे तंतोतंत येणार नाहीत, यायची गरजही नाही. पुढच्या तासाला सांगा: वीस मिनिटांत सूप ताटात यायला हवं, तुकडे केवढे करायचे ते तुम्ही ठरवा. सुरी हातात घेतलेल्या मुलाने आता ठरवून चिरलं. हे डिझाइनच आहे, फक्त लाकडात केलेलं नाही.

तंत्रज्ञान म्हणजे थ्रीडी प्रिंटर असा एक समज शाळांमध्ये पसरला आहे. असेल तर वापरा, पण त्यातून निघालेल्या वस्तूत खायचं काही ठेवू देऊ नका. थरांच्या मधल्या फटींत अन्न आणि जंतू अडकतात. नेहमी वापरतात ते पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे कडक गरम पाण्याने धुताही येत नाही. हाही मुलांनीच शोधायचा धडा होऊ शकतो.

मला स्वतःला या तिन्ही गोष्टी खऱ्या अर्थाने एकत्र येतात असं वाटतं तो प्रकल्प दह्याच्या उबदार पेटीचा आहे, आणि तुमच्यातल्या विज्ञान शिक्षिकेला तो आवडेल. दह्याच्या जिवाणूंना चाळीस ते पंचेचाळीस अंश लागतात. दूध आधी ऐंशी-पंचाऐंशी अंशांपर्यंत तापवून निववलं तर दुधाच्या निवळीतली (व्हे) प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट लागतं. आंबटपणा वाढत सामू (पीएच) ४.६च्या जवळ आला की केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन जमतं. त्यासाठी काही तास पेटी त्याच तापमानाला राहायला हवी: सकाळी लावली तर शाळा सुटायच्या सुमारास तयार. पेटीला आतून कशाचं अस्तर द्यायचं हे डिझाइन. थर्मिस्टर हा तापमान ओळखणारा छोटा सुटा भाग; तो तापला की त्याचा रोध कमी होतो, त्यावरून तापमान मोजून छोट्या बोर्डने गरम पॅड चालू-बंद करायचा हे तंत्रज्ञान. मुलं पहिल्यांदा हमखास एकच आकडा टाकतात: बेचाळीसच्या खाली चालू, वर बंद. मग रिले, म्हणजे पॅड चालू-बंद करणारा विजेचा खटका, टकटक टकटक करत राहतो आणि सगळा वर्ग हसतो. दुसऱ्या खेपेला कुणीतरी सुचवतं की एकेचाळीसला चालू करू आणि त्रेचाळीसला बंद. खऱ्या उपकरणांतही असंच दोन आकड्यांचं अंतर ठेवलेलं असतं, हे तेव्हा सांगा, आधी नको. पॅड कमी व्होल्टेजचाच घ्या, भिंतीतल्या विजेला मुलांनी हात लावायचा नाही. हा प्रकल्प मात्र पहिल्या सत्रात नको. वर्षाच्या शेवटी.

धास्तीबद्दल. ती असायलाच हवी, पण नेमकी असावी. सगळ्याच गोष्टींची भीती घातली की मुलं कशालाच भीत नाहीत. स्टँडिंग ड्रिलपाशी केस बांधलेले, गळ्यात काही लोंबतं नाही, आणि हातमोजे तर अजिबात नाहीत: फिरत्या बिटात मोजा अडकला की हातही ओढला जातो. लाकूड हाताने धरायचं नाही, शिकंजात आवळायचं. बिट आवळायची चकची किल्ली काढल्याशिवाय बटण नाही. लेझरमध्ये पीव्हीसी कधीच घालू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो फुप्फुसांनाही वाईट आणि मशीनलाही. कुठलं प्लास्टिक आहे ते माहीत नसेल तर ते कापायचं नाही, इतका सरळ नियम.

स्वयंपाकात बोथट सुरी ठेवू नका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते. दुसऱ्या हाताची बोटं आत वळवून, पेरांच्या आधाराने चिरायला शिकवा, आणि गोल वस्तूचा आधी एक काप काढून तिला सपाट बूड द्यायला शिकवा. भाजलं तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही. वीस मिनिटं फार वाटतात, म्हणून शेजारी घड्याळ हवं. अन्नासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे मुलांना पाठ असायला हवेत: आतपर्यंत किमान सत्तर अंश, शिजलेलं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, फ्रिज पाचच्या खाली, गरम ठेवायचं तर साठच्या वर. टोचून बघायचा एक थर्मामीटर घ्या, या विषयातलं ते सगळ्यात उपयोगी उपकरण. ॲलर्जी कुणाला कशाची आहे हे पालकांकडून लेखी घ्या, पहिल्या स्वयंपाकाच्या आधी, मुलांच्या सांगण्यावर सोडू नका. आणि एकच खोली असेल तर लाकूडकाम आणि स्वयंपाक एका दिवशी नको. भुसा हवेत बराच वेळ तरंगतो आणि सोल्डरिंगचा अंश टेबलावर राहतो. ॲप्रन, फडकी, टेबलावरचे पत्रे, सगळं वेगळं. याबाबतीत शाळेशी भांडावं लागलं तरी भांडा.

भांड्यांचं. चारचा गट मोडा, दोघांची जोडी करा. अठ्ठावीस जणांना एकदम ओट्यावर उभं करू नका. निम्मी मुलं शिजवतात तेव्हा निम्मी स्टँडच्या चाचण्या नोंदवतात किंवा पुढची खेप ठरवतात, पुढच्या आठवड्याला अदलाबदल. कामाच्या चिठ्ठ्या भिंतीवर लावा, त्या दर वेळी एक घर पुढे सरकतात, मुलगा-मुलगी बघत नाहीत. वेळ उलटा मोजा: तास संपायच्या वीस मिनिटं आधी शेगडी बंद, त्यात वाटाघाटी नाही. पाककृतीची शेवटची पायरी ‘ओटा कोरडा करा’ हीच असू द्या, कागदावर छापूनच. मुलगे भांडी घासत नाहीत हा प्रश्न समजावून सुटत नाही. चिठ्ठी आली की घासतात, आणि महिनाभराने कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

मार्क. चवीला देऊ नका, वस्तूच्या रूपाला देऊ नका. ज्याच्या घरी ओव्हन आहे किंवा काका सुतारकाम करतात त्याला तुम्ही काकांचे मार्क देत असता. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेत काय बदललं, का बदललं आणि त्याचा परिणाम काय झाला, याला द्या. फाइल नको. एका पानाची नोंद पुरे, तीही काम चालू असताना लिहिलेली, डाग पडलेली चालेल. लिहायला बिचकणाऱ्या मुलाला ओट्यापाशीच दोन मिनिटं विचारा: हे एवढंच का घेतलंस? जो फसलेला स्टँड घेऊन तो का फसला हे नीट सांगतो, त्याला सुबक पण मुका स्टँड करणाऱ्यापेक्षा जास्त मार्क मिळायला हवेत. यावर एखाद्या पालकांचा फोन येईल. नोंदींची पानं दाखवा.

चवीचं मोजमाप करायचंच असेल तर ‘छान’ हा शब्द वर्गात बंद करा. चिवट, पिठूळ, कुरकुरीत, तुरट, करपट, असे शब्द भिंतीवर लावा. आणि तिहेरी चाचणी शिकवा: तीन वाट्या, दोनांत एकच पदार्थ, तिसऱ्यात बदललेला. वेगळी कुठली ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच, म्हणून खाणारे पुरेसे हवेत. हे ऐकलं की मुलं लगेच संभाव्यतेच्या गणितावर येतात.

तुमच्या सहकाऱ्यांचा उपयोग इथे. ‘‘आज काय खायला?’’ असं कुणी विचारलं की त्यांना बसवा, तीन वाट्या समोर ठेवा, मधे घोटभर पाणी प्यायला सांगा आणि मुलांना त्यांचं उत्तर लिहून घेऊ द्या. कुठल्या वाटीत काय आहे ते मुलांनी सांगायचं नाही, चेहऱ्यानेसुद्धा नाही. गणिताच्या सरांना मिठातला फरक ओळखता आला नाही तर तेही नोंदीत जाईल.